पाणबुड्याची मास्तरकी आणि परदेशची नोकरी

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी "मुलांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा" अशी आज्ञा केली, तेव्हा आम्हांस गेल्या वर्षीचा एक प्रसंग आठवला. शाळा सुटल्यावर आमचा एक जुना विद्यार्थी दाराशी येऊन उभा राहिला. साकरतोड नदीत पोहायला शिकलेला, दहावीत इंग्रजीने अडविलेला आणि पुढे दुधनीच्या जलाशयावर होड्यांच्या कामास लागलेला. हातात एक रंगीत पत्रक. "सर, ट्रस्टच्या मदतीच्या अर्जावर तुमची एक सही पाहिजे."

पत्रकात लिहिले होते, सहा आठवड्यांत स्कूबा प्रशिक्षक व्हा, परदेशात नोकरीची हमी. दीड लाख रुपये आगाऊ. आम्ही सही केली नाही. एक महिन्याची मुदत मागितली आणि चौकशीस लागलो. त्या चौकशीत जे कळले तेच येथे देत आहोत.

प्रथम विद्येविषयी. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली श्वास घेण्याचे सुटसुटीत यंत्र फ्रान्समध्ये कूस्तो व गान्यां या दोघांनी १९४३ साली सिद्ध केले. टाकीत प्राणवायू असतो असे पुष्कळांस वाटते. सामान्यतः तीत आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. समुद्रात दर १० मीटर खोलीस वातावरणाइतका एक दाब वाढतो. १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. आता नववीच्या मुलांनी हे गणित करावे. १२ लिटरच्या टाकीत २०० पट दाबाने हवा भरली, म्हणजे २४०० लिटर झाली. पैकी ६०० लिटर राखीव ठेवली. पृष्ठभागावर मिनिटास २० लिटर लागणाऱ्या माणसास २० मीटर खाली ६० लिटर लागतात. म्हणजे हवा पुरेल ३० मिनिटे. याच नियमाची दुसरी बाजू जिवावरची आहे. १० मीटर खाली छाती भरून घेतली आणि श्वास रोखून वर आले, तर ती हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटते. म्हणून या विद्येचा पहिला धडा, श्वास कधी रोखू नये. नदीत बुडी मारणारा पोरगा नेमके उलटे शिकलेला असतो. चांगले पोहता येते एवढ्या भांडवलावर हा धंदा होत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यास पटवायला आम्हांस हेच उदाहरण उपयोगी पडले.

दिवाळीच्या सुटीत आम्ही त्याला व त्याच्या अब्बांना घेऊन मालवण तालुक्यातील तारकर्लीस गेलो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्था तेथे आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात पर्यटकांस बुडी घडवून आणणारी कितीतरी कोकणी पोरे आम्ही पाहिली. कालपर्यंत ज्यांच्या घरी जाळी विणली जात, ती मुले आज परगावच्या माणसाचा हात धरून त्याला प्रवाळ दाखवितात. अब्बा तर किनाऱ्यावरच बसून राहिले. पाण्याची त्यांना धास्ती.

या धंद्याच्या पायऱ्या तेथे नीट उलगडल्या. जगभर मान्य असलेल्या संस्थांपैकी पॅडी ही १९६६ सालची. तिच्या नियमाप्रमाणे पहिली पायरी १८ मीटरपर्यंतची, दुसरी ३० मीटरपर्यंतची. मग संकटातील माणसास वाचविण्याचा अभ्यास. पुढे डाइव्हमास्टर. त्यास वय १८ पुरे हवे आणि शेवटपर्यंत ६० बुड्यांची नोंद हवी. प्रशिक्षकाच्या परीक्षेस १०० बुड्या लागतात, आणि पहिले प्रमाणपत्र मिळून निदान सहा महिने झालेले असावे लागतात. नवशिक्यास सहा आठवड्यांत प्रशिक्षक करण्याचे पत्रक खोटे ठरविण्यास एवढा एकच नियम पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस मास्तर म्हणून फार आवडली. त्या परीक्षेत बुडी किती सुंदर मारता एवढेच पाहत नाहीत. वर्गात पाठ द्यावा लागतो, मग तलावात, मग उघड्या पाण्यात. शिकणाऱ्याची चूक हेरून सुधारावी लागते. पदार्थविज्ञान, शरीरशास्त्र, साधने यांचे लेखी प्रश्न असतात. ही मुळात शिक्षकाची नोकरी आहे. फक्त वर्ग पाण्यात भरतो. इंग्रजी येथेच आडवे येते, आणि येथेच आपल्याकडच्या मुलाचे एक बळही आहे. मराठी, गुजराती, हिंदी तो सहज बोलतो. मालदीव आणि थायलंड येथे आपल्या देशाचे प्रवासी मोठ्या संख्येने जातात. घाबरलेल्या माणसास त्याच्या भाषेत धीर देणारा प्रशिक्षक तेथील मालकास नकोसा होईल असे वाटत नाही.

प्रकृतीची तपासणी आधी करावी, पैसे मागाहून भरावेत. कानाचे दुखणे, दमा, फेफरे असल्यास डॉक्टरांच्या परवानगीवाचून पाण्यात उतरू नये. आपल्या भागातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो. तोही पाणबुड्यास धोक्याचा, म्हणून ती रक्ततपासणी अवश्य करावी.

राहिला परदेशचा प्रश्न. दहावी उत्तीर्ण नसलेल्यास सहसा ईसीआर प्रकारचे पारपत्र मिळते, आणि अठरा ठराविक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. त्या अठरांत संयुक्त अरब अमिराती आणि ओमान तर आहेतच, पण थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया हे पाणबुड्यांचे आवडते देशही आहेत. एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. नोंदलेल्या एजंटासही ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक फी घेता येत नाही. आमच्या पत्रकवाल्यास फोनवर विचारले, व्हिसा कोणता? तो म्हणाला, "आधी टुरिस्टवर जाऊ द्या, पुढचे तेथे पाहू." अब्बांनी ते ऐकले आणि पत्रकाची घडी करून आमच्या टेबलावर ठेवली.

पगाराचेही सांगितले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी मूळ पगार बेताचा असतो आणि प्रत्येक शिकाऊ माणसामागे कमिशन मिळते. गिऱ्हाईक नसले की मिळकत आटते. प्रशिक्षक म्हणून नाव चालू ठेवण्यास वार्षिक वर्गणीही भरावी लागते. काही ठिकाणी "शिकाऊ" म्हणून महिनोन्महिने फुकट राबवितात. कराराचा कागद हातात आल्याखेरीज निघू नये. तोवर अनुभवास देशातच अंदमानचे स्वराज द्वीप आहे, गोवा आहे, मालवण आहे.

आम्ही शेवटी सही केली, पण दुसऱ्या अर्जावर. त्यात दीड लाख नव्हते. पहिल्या दोन पायऱ्यांची फी आणि इंग्रजीच्या फेरपरीक्षेचे शुल्क होते. पावसाळ्यात मालवणचे पाणी बंद, तेव्हा तो संध्याकाळी आमच्याकडे इंग्रजी वाचावयास येत असे. परवा ईदला शीरखुर्मा घेऊन आला, तेव्हा बुड्यांची नोंदवही बरोबर होती. एकतीस बुड्या झाल्या आहेत. शेवटच्या पानावर त्याने इंग्रजीत समुद्रातील दृश्यमानता लिहिली होती आणि स्पेलिंग चुकविले होते. आम्ही लाल शाईने दुरुस्त करून वही परत दिली.