मुंबईची जुनी डीसी लोकल



मुंबईची लोकल तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. बाकीच्यांनी कामाला गेलेल्या मामा-काकांकडून तिच्या गर्दीच्या गोष्टी तरी ऐकल्या असतील. याच लोकलचा एक जुना प्रकार ९१ वर्षे धावून बंद झाला. ती होती डीसी लोकल.

सुरुवात : भारतातील पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी निघाली. तिला चार डबे होते. ती व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणजे बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली अशीही विजेची गाडी धावू लागली.

डीसी म्हणजे काय? : टॉर्चच्या सेलमधली वीज एकाच दिशेने वाहते. ती डीसी. घरातल्या दिव्याची वीज पुन्हा पुन्हा दिशा बदलते. ती एसी. जुन्या लोकलच्या वरच्या तारेत १५०० व्होल्टची डीसी वीज होती. त्या काळच्या मोटारींना तीच सोयीची होती. जपानमध्ये टोकियोच्या पुष्कळ लोकल आजही १५०० व्होल्ट डीसीवरच चालतात.

मग बदलली का? : हे समजायला आपले शिवार बघा. गावाकडे वीज ११,००० व्होल्टच्या तारेने येते आणि डीपीवर कमी होते. डीपीपासून लांबच्या विहिरीवर मोटर नीट उचलत नाही. कारण कमी व्होल्टची वीज लांब न्यायची तर तारेतून करंट जास्त जातो, तार तापते आणि वीज वाटेतच वाया जाते.

आता गणित करू. गाडीला १५ लाख वॅट वीज लागते असे धरा.
१५,००,००० ÷ १५०० = १००० अँपिअर
१५,००,००० ÷ २५,००० = ६० अँपिअर
बघा, केवढा फरक! म्हणून मुंबईत २५,००० व्होल्टची एसी वीज आणली. त्यामुळे वीज-उपकेंद्रे कमी लागतात आणि लांब गाड्या ओढता येतात. नव्या गाड्या ब्रेक लावताना थोडी वीज तारेला परतही देतात.

शेवट : लोकल एक दिवसही बंद ठेवून चालत नाही. म्हणून काम टप्प्याटप्प्याने झाले. मधल्या काळात दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या वापरल्या. पश्चिम रेल्वेचे काम २०१२ मध्ये संपले. हार्बर मार्गावरची शेवटची डीसी लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसला आली. जिथून पहिली निघाली, तिथेच शेवटची येऊन थांबली!

लक्षात ठेवा : २५,००० व्होल्टच्या तारेला हात लावायचीही गरज नाही, नुसते जवळ गेले तरी झटका बसून जीव जातो. रेल्वेच्या टपावर कधीच चढू नका. रुळाजवळ पतंग उडवू नका. आई-बाबांनो, घरी हे मुलांना जरूर सांगा.

सांगा पाहू :
१) डीसी लोकल किती साली सुरू झाली?
२) ३० लाख वॅटसाठी २५,००० व्होल्टवर किती अँपिअर लागतील?