वेलांटीसाठी सात सह्या

विद्यापीठात कारकून म्हणून चिकटलो आणि सहायक कुलसचिव म्हणून बाहेर पडलो. मधल्या काळात सहा कुलगुरू पाहिले, प्रभारी वेगळे. त्यातून जे उमगले ते असे:

१. दूरदृष्टी रंगवून टांगता येत नाही. नॅकची समिती येणार म्हटले की आमच्याकडे 'व्हिजन-मिशन'चे फलक नव्याने रंगत. समिती गेली की त्यांच्यापुढे जुनी कपाटे उभी राहत.

२. 2016च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे बृहत आराखडा पाच वर्षांचा, कुलगुरूंची मुदतही पाच वर्षांची. पण दोन्ही गाड्या क्वचितच एका वेळी सुटतात. नव्या साहेबांना आधीचा आराखडा 'मागच्यांचा' वाटतो. आमचा एक आराखडा तर बाहेरून लिहून आणलेला. त्यात नवे कॉलेज सुचवले होते अशा गावी, जिथून मुलींना संध्याकाळची एसटीच नव्हती.

३. निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावा, असे हाच कायदा सांगतो. आमचे तीन-तीन महिने रखडत. एक कुलगुरू रुजू झाल्यावर आठवड्याभरात, कोणालाही न सांगता, परीक्षा भवनात गुणपत्रक दुरुस्तीच्या खिडकीमागे येऊन बसले. दोन एसट्या बदलून एक मुलगा आला होता. आईच्या नावात वेलांटी चुकलेली. दुरुस्तीला सात सह्या. साहेबांनी त्याचा अर्ज हातात घेतला आणि स्वतः टेबलामागून टेबल फिरले. दुपारपर्यंत चार सह्या झाल्या. पाचवे टेबल रजेवर! (आमची तोंडे पाहण्यासारखी झाली होती.) दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघाले: दोन सह्या पुरेत. मग त्यांनी आराखड्यातले परीक्षांचे प्रकरण काढून आम्हा कारकुनांपुढे ठेवले आणि विचारले, 'यातले काय जमेल?' तोवर हे आम्हाला कोणी विचारले नव्हते.

४. लक्ष घालणे वेगळे, लुडबूड वेगळी. त्याआधीचे एक साहेब शिपायाची रजाही स्वतः मंजूर करत. 'अवलोकनार्थ' गेलेल्या फायली त्यांच्या दालनात थप्पीने पडत आणि कुलसचिव नुसते बसून.

५. 1962मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघाले तेव्हा पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी माळावरच्या झाडांतही लक्ष घातले. असा माणूस मिळणे हे नशीब. त्यावर विद्यापीठ चालवू नये.

६. खिडकीमागे बसलेले ते कुलगुरू मुदत संपवून गेले. वेलांटीच्या अर्जावर आता पुन्हा चार सह्या लागतात.