प्लायवुडचा तक्ता गुण्यांत आणणें व कापणें

गेल्या वर्षीं शाळेच्या वाचनालयासाठीं पुस्तकांचें एक कपाट विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावें, असें आम्हीं ठरविलें. नांदेडच्या बाजारांतून आठ फूट लांब व चार फूट रुंद असे प्लायवुडचे दोन तक्ते आणले. तक्ता कारखान्यांतून येतो, तेव्हां त्याचे चारही कोपरे काटकोनच असणार, असें आम्हीं गृहीत धरलें व मुलांनाहि तसेंच सांगितलें. कपाट उभें केलें तों दार वर चौकटीला घासूं लागलें व खालीं पेन्सिल जाईल एवढी फट राहिली. एक तक्ता वायां गेला. पैसा पालकांच्या वर्गणीचा होता. म्हणून चूक कोठें झाली हें येथें लिहिणें आम्हांस भाग आहे.

पहिली चूक विश्वासाची. साध्या प्लायवुडसंबंधींच्या ३०३ क्रमांकाच्या भारतीय मानकाच्या १९८९ च्या आवृत्तींत काटकोनांत दर मीटरास २ मिलिमीटर इतका फरक क्षम्य धरला होता. म्हणजे १२२० मिलिमीटर रुंदीच्या तक्त्यांत सुमारें २.४ मिलिमीटर, सुतारांच्या हिशेबानें पाऊण सूत, तिरकेपणा असला तरी कारखानदारास दोष देतां येत नाहीं. तो शोधून काढणें हें कापणाराचें काम.

शोधावा कसा? भूमितीच्या तासाला आपण शिकलों कीं आयताचे दोन्ही कर्ण समान असतात. २४४० व १२२० मिलिमीटर बाजूंच्या तक्त्याचा कर्ण २७२८ मिलिमीटर भरला पाहिजे. वर सांगितलेला २.४ मिलिमीटरचा तिरकेपणा कर्णांच्या फरकांत चार मिलिमीटरांहून अधिक होऊन दिसतो, त्यामुळें साध्या टेपेनेंहि पकडतां येतो. मात्र समोरासमोरच्या बाजूहि मोजाव्या. कारण समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्णसुद्धां समान असतात! आमच्या एका विद्यार्थ्यानें ही शंका काढली, आणि तिचें उत्तर देण्यास आम्हांस फळ्यापाशीं जावें लागलें.

तक्ता तिरका निघाल्यास एक लांब कड दोरा ताणून तपासावी व सरळ करावी. मग कोपऱ्यापासून तिच्यावर १२०० व आडव्या दिशेनें ९०० मिलिमीटर घेऊन त्या दोन खुणांमधील अंतर १५०० येईल अशी आडवी रेघ आंखावी. तीन, चार, पांच या प्रमाणास कोणताहि महाग गुण्या लागत नाहीं.

आमची दुसरी चूक गुण्याची. सहा इंची गुण्या आम्हीं चार फुटांच्या कामास लावला. १५० मिलिमीटरांत अर्धा मिलिमीटर चुकणारा गुण्या १२२० मिलिमीटरांवर चार मिलिमीटर चुकवितो. नवा गुण्या घेतांना दुकानांतच पारखावा : सरळ कडेला टेकवून रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूंतून दुसरी रेघ ओढावी. दोन रेघा फांकल्या तर गुण्याचा दोष त्या फांकीच्या निम्मा आहे असें समजावें. टेपेच्या टोकाचा आंकडा किंचित हलतो, त्यास मात्र कोणी दोष देऊं नये. आंतून व बाहेरून दोन्ही मापें बरोबर यावीं म्हणून तो मुद्दामच तसा बसविलेला असतो.

आतां कापण्याविषयीं. रेघ पेन्सिलीनें न ओढतां धारदार सुरीनें ओढावी. वरच्या पातळ थराचे तंतू आधींच तुटल्यामुळें कड फाटत नाहीं. हातकरवत बारीक दातांची, इंचास दहाबारा दातांची घ्यावी व फार उभी धरूं नये. आपली नेहमीची करवत पुढें ढकलतांना कापते, म्हणून तक्त्याची चांगली बाजू वर ठेवावी. विजेच्या हातांतल्या गोल करवतीचें पातें खालून वर कापीत येतें. तेथें चांगली बाजू खालीं. प्लायवुडमधील डिंकानें साधे पोलादी दात लवकर बोथट होतात, तेव्हां कार्बाइडच्या दातांचें पातें घेणें किफायतशीर. ही करवत मोठ्यांनींच, डोळ्यांस चष्मा लावून व तक्त्यावर सरळ पट्टी शिकंज्यांनीं घट्ट आंवळून चालवावी. नुसत्या हाताच्या भरंवशावर ती सरळ जात नाहीं. नागमोडी कापणाऱ्या जिगसॉचें पातें वांकतें. लांब सरळ कापास ती घेऊं नये, दुकानदार कितीहि भलावण करो.

नांदेडला व लातूरला शिकण्यासाठीं परगांवचीं पुष्कळ मुलें खोल्या घेऊन राहतात. त्यांच्यासाठीं एकाच तक्त्यांत टेबल व फळ्या बसवूं पाहणाऱ्या पालकांनीं करवतीनें खाल्लेलें लांकूड हिशेबांत धरावें. १२२० मिलिमीटरांचे चार भाग ३०५ चे होतील असें वाटतें. पण तीन मिलिमीटर जाडीचे तीन काप नऊ मिलिमीटर खातात, आणि शेवटची फळी २९६ ची निघते. चारी फळ्या सारख्या हव्या असतील तर माप ३०२.७५ चें धरावें, व्यवहारांत ३०२ चें.

विजेची करवत घेण्याचा विचार शाळेनें तूर्त सोडला आहे. त्या पैशांत पारखलेला मोठा गुण्या, पोलादी पट्टी, दोन करवती व चार शिकंजे आले. वायां गेलेलें दार कार्यशाळेच्या भिंतीस टांगलें आहे. त्याचे कर्ण मोजून फरक काढणें हा आठवीच्या मुलांचा पहिला पाठ झाला आहे.