अश्विनातील काळवीट आणि कॅमेरा
(द्वितीय वर्ष, कला)

कालिदासाचे ‘शाकुंतल’ सुरू होते ते एका पळणाऱ्या हरणाने. दुष्यंत रथातून त्याचा पाठलाग करीत आहे, हरीण मान वळवून मागे पाहत धावते आहे, आणि बाण सुटणार एवढ्यात आश्रमातील तपस्वी मध्ये येतात. सारथी त्या हरणाला ‘कृष्णसार’ म्हणतो. कृष्णसार म्हणजे आपला काळवीट. हा प्रसंग वाचताना कवीच्या निरीक्षणाची वाखाणणी सर्वच करतात, आणि ती योग्यच आहे. परंतु माझ्या मनात एक शंका आली. मागे वळून पाहणारे हरीण आपल्याला सुंदर दिसते, पण ते वळून पाहते ते कोणी तरी त्याच्या मागे लागलेले असते म्हणून. कोणी मागे लागलेले नसताना काळवीट कसा दिसतो? आजच्या छायाचित्रकारांपुढेही खरे म्हणजे हाच प्रश्न आहे.

आरंभी एक खुलासा केला पाहिजे. आपण ज्यांना सरसकट हरिण म्हणतो त्यांत दोन कुळे आहेत. सांबर आणि चितळ यांच्या नरांची शिंगे फांद्यांची असतात, ती गळून पडतात व पुन्हा उगवतात. काळवीट आणि चिंकारा हे मात्र कुरंग होत. त्यांची शिंगे पोकळ असून जन्मभर टिकतात. काळवीट नराची शिंगे पिळदार असतात. मादीला बहुधा शिंगे नसतात आणि तिचा रंग पिवळसर तपकिरी असतो. नर वयात येईल तसा काळा पडत जातो. आपल्या दक्षिणेकडील नर पुष्कळदा गडद तपकिरीवरच थांबतात. तेव्हा चित्रातल्यासारखा कोळशासारखा काळा नर दिसला नाही म्हणून कोणी हिरमुसू नये.

काळविटांचा समागमाचा काळ वर्षभर थोडाफार चालू असला तरी त्याला दोनदा भर येतो. एकदा फाल्गुन-चैत्राच्या सुमारास आणि एकदा ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत. या दुसऱ्या वेळी पाऊस सरत आलेला असतो, माळावर गवत असते आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. नर आपापला जमिनीचा तुकडा धरून बसतो. तो एकाच जागी पुनःपुन्हा लेंड्या टाकून त्यांचा ढीग करतो, डोळ्याजवळच्या ग्रंथीतील स्राव काडीला व झुडपाला पुसतो आणि ‘ही जागा माझी’ असे जाहीर करतो. मादी जवळ आली की त्याची चाल बदलते. नाक वर, शिंगे मागे पाठीला टेकलेली, कान खाली आणि शेपूट वर वळलेले. गावाकडच्या लग्नात घोड्यावर बसलेल्या नवरदेवाची ऐट मला तरी याहून वेगळी वाटत नाही. शेजारचा नर हद्दीत आला तर दोघे आधी समांतर चालून एकमेकांना जोखतात. बऱ्याच वेळा एक जण तेवढ्यावरच माघार घेतो. न घेतल्यास शिंगांत शिंगे अडकतात.

नवरदेवाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. माझा मामेभाऊ क्रांती चौकाजवळ एका स्टुडिओत लग्नांचे फोटो काढण्याचे काम करतो. १८५७ च्या उठावातील शिपायांची आठवण सांगणारा काळा चबुतरा जेथे होता, तोच हा चौक. आज तेथे शेजाऱ्याशी बोलायचे तरी ओरडून बोलावे लागते. चातुर्मासात माणसांची लग्ने बंद, त्यामुळे त्याचा कॅमेरा आणि लांब पल्ल्याची लेन्स मोकळी असते. हरणांना चातुर्मास नाही. कोजागरीच्या आठवड्यात आम्ही दोघे वैजापूर तालुक्यातील आमच्या शेतावर गेलो, आणि त्याचे धंद्यातले ज्ञान माझ्या उपयोगी पडले.

पहिली गोष्ट उजेडाची. पाठीवर काळा आणि पोटाखाली पांढरा शुभ्र असा हा प्राणी कॅमेऱ्याला फसवतो. काळ्यावर मोजमाप घेतले तर पांढरे जळून जाते, पांढऱ्यावर घेतले तर काळ्यातील केसांचा पोतच उरत नाही. पहाटेच्या तिरप्या उन्हात हा फरक बराच कमी होतो, म्हणून सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तासच खरा. दुसरी गोष्ट बसण्याची. काळवीट डोळ्यांवर जगणारा प्राणी आहे. उभा माणूस त्याला फार दुरून कळतो. आम्ही अंधारातच बांधाआड जाऊन बसलो आणि ऊन वर येईपर्यंत उठलो नाही. नर आपला तुकडा सोडून जात नाही, त्यामुळे त्याच्यामागे जाण्याची गरजच नसते. लेंड्यांचा ढीग आदल्या दिवशी हेरून ठेवावा आणि वाट पाहावी. जीप घालून कळप उधळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना उड्या मारणाऱ्या हरणांचे फोटो मिळतात. पण ज्या नराला तुकड्यावरून हुसकले त्याची जागा शेजारी बळकावतो आणि त्या बिचाऱ्याची सारी मेहनत वाया जाते.

कायदाही येथे गप्प नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, आणि ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला हाकणे, त्याचा पाठलाग करणे व त्याला आमिष दाखवणे हेही येते. बंदूक हातात नसली म्हणजे शिकार नव्हे, ही समजूत चुकीची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० साली खास काळविटांसाठी राखले गेले, पण ते जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे आहे. आपल्याकडचे बहुतेक काळवीट अभयारण्यात नव्हे तर शेतकऱ्यांच्या बांधावर जगतात.

आणि येथे माझ्या विषयाला दुसरी बाजू येते. माझे वडील काळविटाला काळवीट म्हणत नाहीत, ‘ती जनावरं’ म्हणतात. लहानपणी रात्री माळ्यावर बसून आम्ही भावंडांनी डबे वाजवले आहेत, गोफणही फिरवली आहे. आमच्या घरात महाविद्यालयात गेलेली मी पहिलीच, आणि त्याच हरणांचे फोटो काढण्यासाठी पहाटे उठणारीही पहिलीच. मामेभावाने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मान वर करून चालणारा नर दाखवला, तेव्हा वडिलांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, “देखणा हाये. अंगावर तेज आलंय ते आपल्या सोयाबीनचं.”

मला याचे उत्तर सुचले नाही, आणि ते सुचावे असेही आता वाटत नाही. शहरात लावलेल्या वन्यजीवनाच्या चित्रात शेत कधी दिसत नाही. चौकट अशी धरलेली असते की बांध, विजेचा खांब आणि माणूस बाहेर राहावेत. काळवीट रानात एकटा असल्याचा भास त्यामुळे होतो. आमच्या शेतावर घेतलेल्या उत्तम छायाचित्रात मागे आमच्या विहिरीचे मोटारघर आले आहे. मामेभाऊ ते कापून टाकू म्हणत होता. मी कापू दिले नाही.

काळविटाने पिकाचे नुकसान केल्यास शासनाकडून भरपाई मिळू शकते. त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो आणि वनखात्याचा पंचनामा व्हावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत नुकताच उगवलेला हरभरा एका रात्रीत खाल्ला गेला. सकाळी दव सुकण्याआधी वडिलांनी मला हाक मारली. खुडलेले शेंडे, ओल्या मातीतले खुरांचे ठसे आणि शेजारी माप कळावे म्हणून ठेवलेली त्यांची चप्पल, असे अकरा फोटो मी मोबाइलवर काढले आणि अर्जाला जोडले.