नवी मोटार घेताना

नव्या मोटारीची पारख दोन ठिकाणी करावी : रस्त्यावर आणि कागदावर. दिल्लीतील हिंदूराव परिसरात राहणाऱ्या ग्राहकाला पहिलीची सोय घराजवळच आहे. चाचणीच्या वेळी घरच्या मंडळींना बसवून तेथील टेकडीच्या चढावर मोटार थांबवावी व पुन्हा पुढे काढावी. इंजिनाची ताकद आणि हातब्रेकची पकड तत्काळ कळते.

कागदावरील पारख अधिक कठीण असते. फलकावरील किमतीत सहसा नोंदणी, रस्ता-कर व विमा धरलेला नसतो. म्हणून प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागावी. विमा विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन नाही. हप्त्याचा लहान आकडाही फसवा असतो. 6 लाख रुपयांचे कर्ज द.सा.द.शे. 9 दराने 5 वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता सुमारे 12,455 रुपये पडतो. 7 वर्षांत फेडल्यास सुमारे 9,653. हप्ता 2,800 रुपयांनी घटतो खरा, परंतु एकूण व्याज सुमारे 63,600 रुपयांनी वाढते, आणि तो भार अखेर घरखर्चावरच पडतो. म्हणून सही करण्यापूर्वी ग्राहकाने एक प्रश्न अवश्य विचारावा : शेवटच्या हप्त्यापर्यंत एकूण किती रुपये द्यावे लागतील?