सभाधीटपणा आणि आभासी श्रोते

दुकानाच्या गादीवर बसून कानडी, मराठी आणि दखनी अशा तीन भाषांत सहज व्यवहार करणारा आमच्या मैलूर-बीदरकडील व्यापारी सभेत उभा राहिला, की त्याची वाचा बसते. परिणामी कराविषयीचे अथवा बाजारपेठेविषयीचे त्याचे रास्त म्हणणे मनातच राहते. ही भीती अल्पबुद्धीचे लक्षण नव्हे. बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले आणि एकही प्रश्न न विचारता खाली बसले, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

मग ही भीती उपजते कशी? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मेल स्लेटर, डेव्हिड-पॉल पर्टॉब व ख्रिस बार्कर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकाने निर्मिलेल्या श्रोत्यांपुढे माणसांना बोलावयास लावले. समोर केवळ चित्रे आहेत हे वक्ते जाणत होते. तरीही कंटाळलेले, विमुख श्रोते दिसताच एरवी धीट असणारेही अस्वस्थ झाले. 'आपण तेथेच आहोत' या भासास शास्त्रज्ञ उपस्थितीची जाणीव म्हणतात. बुद्धीला खोटेपणा पटला, तरी देह त्या जाणिवेस उत्तर देतो.

यावरून आम्हांस दोन बोध घ्यावेसे वाटतात. खोट्या सभेत भीती जर खरी उपजते, तर तेथील सरावही खरा ठरू शकतो. यंत्र नसेल तर चार स्नेह्यांपुढे उभे राहून पाच मिनिटे बोलावे. दुसरा बोध श्रोत्यांसाठी: वक्त्याचे धैर्य पुष्कळसे आपल्या चेहऱ्यावर अवलंबून असते. नवख्याने तोंड उघडले, की घड्याळाकडे पाहू नये.