बोलकी फळे

(सतराव्या शतकात नेदरलँड्स देशातील चित्रकारांनी फळांची अनेक चित्रे काढली. या चित्रांतून ते काय सांगत होते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

एका टेबलावर पांढरे कापड अंथरले आहे. त्यावर फळे आहेत, चिनी मातीचे भांडे आहे. टर्की पक्ष्याची पिसे लावून सजवलेले पक्वान्न आहे. अर्धवट सोललेल्या लिंबाची साल खाली लोंबते आहे. कागदाच्या पुडीत मिरी आहे. हात पुढे करून लिंबू उचलावे असे वाटते. पण हे सारे चित्रातले आहे! पीटर क्लास या चित्रकाराने ते १६२७ साली रंगवले. आज ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

अशा चित्राला स्थिरचित्र म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत स्थिरचित्र काढले असेल.

त्या काळी नेदरलँड्सचा व्यापार भरभराटीला आला होता. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिची जहाजे पूर्वेकडून मिरी आणि चिनी मातीची भांडी नेत. लिंबे दक्षिणेकडच्या उबदार देशांतून येत. व्यापाऱ्यांच्या हाती पैसा आला. ते घरात लावण्यासाठी चित्रे विकत घेऊ लागले. चित्रातल्या महागड्या वस्तू म्हणजे त्यांच्या वैभवाची खूण होती.

पण अशी चित्रे जरा जवळून पाहा. एखाद्या सफरचंदाला कीड लागलेली असते. द्राक्षांवर माशी बसलेली असते. एखादे पान कडेने सुकलेले असते. जणू चित्र म्हणते, "आज जे ताजे आहे ते उद्या नासणार. संपत्ती आणि रूप यांचा गर्व करू नका." लिंबू दिसायला सुंदर, पण आतून आंबट! म्हणून वरवरच्या रूपाला भुलू नये, असाही अर्थ लोक काढत. सफरचंद पाहून ख्रिस्ती लोकांना आदमची कथा आठवे. द्राक्षे पाहून येशूच्या बलिदानाची आठवण होई.

मात्र प्रत्येक फळाचा अर्थ ठरलेलाच होता, असे नाही. अभ्यासकांमध्ये याविषयी मतभेद आहेत. काही वेळा चित्रकाराला लिंबाच्या ओल्या सालीवरचा उजेडच रंगवायचा असेल.

राखेल रॉइस (१६६४-१७५०) ही या कलेतील थोर चित्रकर्ती. तिचे वडील शास्त्रज्ञ होते. त्यांच्या संग्रहातील वनस्पती आणि कीटक पाहत ती वाढली. १७११ सालच्या तिच्या एका चित्रात फळे, धान्याची कणसे, पक्ष्याचे घरटे, अंडी आणि सरडा आहे. तिला दहा मुले झाली, तरी तिने चित्रकला सोडली नाही. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीही ती चित्र काढत होती.

ती फळे केव्हाच नासली. ते व्यापारीही गेले. पण काहीच टिकत नाही, असे सांगणारी ही चित्रे मात्र टिकून राहिली!

शब्दार्थ
वैभव - श्रीमंती
भुलणे - मोहात पडणे
नासणे - खराब होणे, कुजणे
बलिदान - दुसऱ्यांसाठी प्राण देणे

स्वाध्याय
१. व्यापारी चित्रे का विकत घेऊ लागले?
२. कीड लागलेले सफरचंद काय सुचवते?
३. पाठाला 'बोलकी फळे' हे नाव का दिले असावे?
४. उपक्रम : एक केळे चार दिवस ठेवा. त्यात रोज होणारा बदल पाच वाक्यांत लिहा.